झारी पेटली तर किल्ली मागे

आमच्या भावोजींइतका सोशिक माणूस डिलाईल रोडवर दुसरा झाला नाही, आणि त्यांच्या जर्मन गाडीइतकी नखरेल बाई अख्ख्या मुंबईत नसेल. गाडीला मी बाई म्हणते कारण भावोजी म्हणायचे. "आज बाईंना कणकण आहे," असं ते सकाळी नळावर सांगायचे आणि नळावरच्या नव्या सुनांना वाटायचं, यांच्या घरात कुणीतरी आजारी आहे. एकीने तर काढा करून आणला होता. भावोजींनी वाटी घेतली, तिला आशीर्वाद दिला आणि काढा स्वतः पिऊन टाकला. बाईंना फक्त हिरवं पाणी चालायचं, तेही परदेशी डब्यातलं.

भावोजी म्हणजे माझे सख्खे दीर नव्हेत. माझे यजमान आणि ते एकाच मिलमध्ये, शेजारशेजारच्या मागांवर होते. मिल बंद पडली तेव्हा माझे यजमान एका इमारतीवर वॉचमन झाले आणि भावोजी पेडर रोडच्या एका साहेबांकडे ड्रायव्हर लागले. मागांच्या खडखडाटात दोघांचेही कान अर्धे गेले होते. पण साहेब मुळात कमी बोलायचे, त्यामुळे निभावलं. साहेब परदेशी जायला निघाले तेव्हा त्यांनी गाडी विकायला काढली. जो यायचा तो बॉनेट उघडून आत बघायचा, बॉनेट बंद करायचा आणि चहासुद्धा न घेता निघून जायचा. शेवटी साहेब म्हणाले, "ती तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. तूच घेऊन जा." भावोजींना वाटलं बक्षीस मिळालं. साहेबांना काय वाटलं ते साहेबांनाच ठाऊक.

त्या दिवसापासून ती लांबलचक, काळी, चंदेरी नाकाची गाडी आमच्या चाळीच्या चौकात, पिंपाच्या शेजारी उभी राहिली. तिला जागा करून देण्यासाठी मुलांचं क्रिकेट मागे सरकलं, वाळवणं वर गच्चीत गेली, आणि भावोजींचं नाव जर्मनवाले पडलं. येताजाता पोरं विचारायची, "काय जर्मनवाले, चालते का गाडी?" भावोजी फडक्याने नाक पुसत (गाडीचं) म्हणायचे, "चालते म्हणजे? पण जायचंय कुठे?" हे मात्र खरं होतं. त्यांची बायको लवकर गेली. मुलगा अँटॉप हिलला सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. तो दर महिन्याला यायचा आणि म्हणायचा, "पप्पा, चला ना आता आमच्याकडे." भावोजी दर महिन्याला तेच उत्तर द्यायचे, "येतो रे, पण बाईंना कुठे ठेवू? तुमच्याकडे खाली जागा कुठाय?" मुलगा गाडीकडे रागाने बघायचा. मी वरून, गॅलरीतून, गाडीकडे बघायचे. मला तिचा राग कधीच आला नाही. ती चौकात आहे तोवर भावोजी चाळीत आहेत, हे मला कळत होतं.

दर रविवारी सकाळी बाईंची तपासणी असायची. त्याला दोन माणसं लागत. एकाने बॉनेट उघडून इंजिनाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने आत बसून किल्ली फिरवायची, सांगितलं तेव्हा पायाने रेस द्यायची आणि स्टिअरिंगमागच्या काचेत कोणकोणते दिवे पेटले ते ओरडून सांगायचं. आत बसायचं काम माझ्या यजमानांकडे होतं. ते गेले आणि पुढचे कितीतरी रविवार बॉनेट उघडलंच नाही. मग एका सकाळी भावोजी माझ्या दारात येऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या बाहेरच. हातात किल्ली होती, नजर जमिनीवर. "वहिनी," ते म्हणाले, "त्याची जागा रिकामी आहे. तुम्ही बसाल का?"

मी कुणाशी फारसं बोलत नाही. लहानपणापासून तसंच आहे. डब्यांच्या पोळ्या लाटून देते, डबेवाला येतो, पोळ्या घेतो, जातो. कधीकधी आठवडाभरात माझ्या तोंडून "झाल्या" एवढा एकच शब्द जायचा. भावोजींना ते माहीत होतं. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "हे बघा, माझे कान असे. तुम्ही हळू बोललात तर मला ऐकू येणार नाही, आणि मला ऐकू आलं नाही तर इंजिन जाईल. तेव्हा लाजू नका."

आता इंजिनाचा प्रश्न म्हटल्यावर काय करणार? आणि दिवे सांगायला शिक्षण लागत नव्हतं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण जर्मन लोकांनी दिव्यांवर अक्षरं न लिहिता चित्रं काढली आहेत, हा त्यांचा माझ्यावर उपकार. एक थेंब गळणारी झारी होती, ती तेलाची. एक लाटांत बुडालेली काठी होती, ती गाडी तापल्याची. बॅटरीचा दिवा दोन कानांच्या डब्यासारखा. इंजिनाचा दिवा आमच्या चाळीच्या पाण्याच्या मोटारीसारखा. आणि एक माणूस होता, त्याने मांडीवर भलंमोठं कलिंगड घेतलं होतं. तो दिवा कायम पेटलेला असायचा. भावोजी सांगायचे की अपघात झाला तर फुगा फुगतो, त्याचा तो दिवा. पण मला तो बाजारातून दमून आलेला, बसायला जागा मिळालेला गृहस्थच वाटायचा. "कलिंगडवाला आहे!" मी ओरडायचे. "असू दे, तो घरचाच आहे!" बॉनेटमागून उत्तर यायचं.

नियम फक्त एक होता. झारी पेटली तर किल्ली मागे. बाकी जग बुडालं तरी चालेल, पण झारी दिसली की आधी गाडी बंद, मग बोलणं. त्यामुळे रविवारी सकाळी आमच्या चाळीत माझा आवाज असा घुमायचा की तिसऱ्या मजल्यावरची माणसं उठायची. "झारी! झारी! झारी पेटली, भावोजी!" जिने धुणाऱ्या बायका थांबायच्या. ही ती मुकी वहिनीच का, असं एकमेकींना विचारायच्या. मला त्याची लाज कशी वाटली नाही, याचं मला आज नवल वाटतं. मला वाटतं ते बॉनेटमुळे. ते वर गेलं की मला समोर नुसता काळा पत्रा दिसायचा. भावोजींना मी दिसत नसे, मला ते दिसत नसत. पत्र्याच्या अलीकडे मी, पलीकडे ते. मग दिव्यांचं सांगून झालं की इतरही निघायचं. पोळ्यांची कणीक कशी महागली, यांची आठवण कशी येते, रात्री झोप लागत नाही. हे सगळं मी ओरडूनच सांगायचे, कारण त्यांचे कान. आणि तेही तिकडून ओरडून म्हणायचे, "मलाही लागत नाही! रेस द्या!"

बॉनेट खाली आलं की मात्र दोघांचं तोंड बंद. ते फडकं झटकायचे, मी पदर सावरायचे, आणि जिन्यात एकमेकांना वाट देताना आम्ही अनोळखी माणसांसारखे भिंतीला चिकटायचो. एकदा गाडीने स्वतःच्या मनाने सगळी दारं लावून घेतली आणि मी आत अडकले. ही तिची जुनी खोड होती. किल्ली माझ्याकडे, पण किल्लीलाही ती जुमानेना. भावोजी खिडकीशी आले, काचेतून माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघंही इतके ओशाळलो की मी चक्क हात जोडले. भावोजींनीही जोडले. मग ते पाठ फिरवून उभे राहिले आणि चाळीच्या भिंतीला सांगावं तसं ओरडून सांगायला लागले, "मागच्या सीटवर जा! डाव्या दाराचं बोंड वर ओढा! हाताने नाही निघालं तर दाताने ओढा!" अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून हसत होती.

बाईंच्या दुखण्यांना अंत नव्हता. छताचं कापड सुटून खाली लोंबायला लागलं, तर भावोजींनी ते टाचण्यांनी वर टोचून ठेवलं. पण ड्रायव्हरच्या डोक्यावरची टाचणी काही राहत नसे, त्यामुळे मी आत बसले की कापड आपोआप माझ्या डोक्यावर यायचं, सासरी गेल्यासारखं. एका दसऱ्याला चिंचपोकळीच्या पुलावर खिडकीची काच धाडकन दाराच्या पोटात गेली. आतली मोटर गेली होती. भावोजींनी तिची किंमत विचारली आणि घरी येऊन माझ्याकडे जुनं लाटणं मागितलं. ते लाटणं काच वर धरून दारात असं ठोकून बसवलं की पुढे ती काच वाऱ्यापावसाला हलली नाही. गिअर बदलताना गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी उडी मारायची. हिरव्या पाण्याची प्लास्टिकची बाटली तडकायची, नवी घातली की तीही तडकायची.

खर्च भावोजी कधी रुपयांत सांगत नसत. रुपयांत सांगितलं की माणसाला धसका बसतो, असं त्यांचं म्हणणं. ते वस्तूंत सांगायचे. बाटली म्हणजे वर्षाचा मसाला. खिडकीची मोटर म्हणजे एक टेबलफॅन आणि वर मिक्सर. थंड हवेचं यंत्र म्हणजे फ्रीज, मोठ्या दाराचा. गिअरबॉक्सचं विचारून आले तेव्हा म्हणाले, "अर्धं लग्न, वहिनी. जेवण सोडून." फ्रीज आणि लग्न त्यांनी सोडून दिलं. पण मसाले मात्र किती घातले! पेन्शन कसली नव्हतीच. लोकांना गाडी चालवायला शिकवून जे मिळायचं ते सगळं बाईंच्या पोटात जायचं. "साहेबांच्या वेळी," ते सांगायचे, "ही चालू आहे का बंद, ते कळायचं नाही. आवाज म्हणून नाही. आणि काचेत एक दिवा नाही. एका रविवारी तुम्ही म्हणाल, भावोजी, आज काहीच पेटलं नाही. त्या दिवशी मी पेढे वाटीन."

वर्षातून एक दिवस गाडी चौकाबाहेर पडायची, दसऱ्याला. सकाळी भावोजी तिला अंघोळ घालायचे, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचे, चाकांखाली लिंबं, नाकावर झेंडूचा जाड हार. संध्याकाळी गिरगाव चौपाटीपर्यंत जाऊन यायचं. एका दसऱ्याला मलाही मागे बसवून नेलं होतं. मी सबंध रस्ता कापड डोक्यावर घेऊन बसले होते, आणि लोक वाकून बघत होते की जर्मन गाडीत ही कोण नवरी. येताना लालबागला बाई तापल्या आणि पुढचा रस्ता आम्ही दोरीने ओढत आलो, पण तरी.

दुसऱ्या दिवशी हार उतरायचा. आता ती फुलं, ती आपट्याची पानं कुठे टाकायची? निर्माल्य कचऱ्यात टाकणं भावोजींना पटत नसे, पायाखाली येणं तर नकोच. पुढच्या काचेच्या खाली, बॉनेट संपतं तिथे, एक लांब फट असते. भावोजी झेंडूच्या पाकळ्या आणि पानं त्या फटीत भक्तीने सारून द्यायचे. "बाईंचा प्रसाद बाईंच्या पोटात," म्हणायचे. दर दसऱ्याला.

गेल्या पावसाळ्यात भावोजींना ताप आला. मुलगा त्यांना अँटॉप हिलला घेऊन गेला. पंधरवडाभर गाडी पावसात नुसती उभी होती. मी रोज गॅलरीतून बघत होते, की यावेळी ते तिथेच राहतात की काय. पण एका रविवारी सकाळी ते आले, अंगात स्वेटर, गळ्याला मफलर, आणि हातात किल्ली. मी पोळ्या तशाच टाकून खाली गेले. बॉनेट वर गेलं. मी आत बसले. पायाखालचा गालिचा ओलाचिंब लागला. मला वाटलं, गाडी धुतली असेल.

"मारा किल्ली!" बॉनेटमागून आवाज आला.

किल्ली फिरवली की आधी सगळे दिवे एकदम पेटतात, ती दिवाळी मला बघवत नसे. म्हणून मी नेहमीसारखे डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि उघडले. काच काळी होती. झारी नाही, डबा नाही, मोटार नाही. कलिंगडवालासुद्धा उठून गेला होता. आणि आवाज म्हणाल तर अजिबात नाही. साहेबांच्या वेळेसारखा.

"भावोजी!" मी जिवाच्या आकांताने ओरडले, "आज काहीच पेटलं नाही!"

मग भावोजी बॉनेटच्या बाजूने बाहेर आले. इतक्या वर्षांत बॉनेट वर असताना ते पहिल्यांदाच माझ्या समोर आले असतील. मफलर सुटला होता, चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "कलिंगडवाला पण नाही?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते तिथेच चाळीकडे तोंड करून ओरडले, "अरे ए, ऐका! बाई बऱ्या झाल्या!" वरून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग त्यांनी वळून इंजिनावर हात ठेवला. हात तसाच राहिला. इंजिन थंडगार होतं.

रे रोडच्या गोदामांजवळ त्यांचा एक मिस्त्री होता, तो टेम्पोने आला. त्याने काचेखालचं झाकण उचकटलं आणि आत हात घातला. मूठभर काळी माती निघाली. मग आणखी मूठ. सगळ्या दसऱ्यांच्या झेंडूंची आत कुजून माती झाली होती. त्या मातीने पाणी वाहून जायची भोकं बुजवली होती, आणि पावसाचं पाणी गाडीच्या पोटात शिरून गालिच्याखाली असलेल्या गाडीच्या संगणकाला बुडवून बसलं होतं. मिस्त्रीने शेवटच्या मुठीत एक हिरवा कोंब बाहेर काढला, दोन पानं आलेला. तो बघून त्याने डोक्याला हात लावला. "चाचा, ये गाडी नहीं है, ये खेत है!"

चाळ हसली. भावोजीही हसले. मग त्यांनी मिस्त्रीला बाजूला घेऊन खर्च विचारला. परत आले तेव्हा मी वाट बघत होते की कोणती वस्तू सांगतात. त्यांनी बराच वेळ मनातल्या मनात शोधलं. "हे मापात बसत नाही, वहिनी," ते म्हणाले.

मुलाने पुढचं सगळं भराभर केलं. गाडीच्या कागदपत्रांची मुदत तशीही संपत आली होती. भंगारवाल्यांचा ट्रक आला. जी पोरं रोज चिडवायची, त्यांनीच गाडी ढकलून ट्रकवर चढवायला हात लावला, आणि त्या दिवशी कुणी जर्मनवाले म्हणालं नाही, सगळे काका म्हणाले. निघायच्या आधी भावोजींनी दार उघडलं आणि लाटणं ओढून काढलं. काच धाडकन खाली गेली. त्यांनी लाटणं फडक्याने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मला पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनाही असावं. पण बॉनेट खाली होतं.

त्याच आठवड्यात ते अँटॉप हिलला गेले. आता जागेचा प्रश्नच उरला नव्हता.

सुरुवातीला रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. "बसलात का, वहिनी?" ते विचारायचे. मी गॅलरीतल्या स्टुलावर बसलेली असायचे. मग मी ओरडून सांगायचे, नळाला पाणी किती आलं, तिसऱ्या मजल्यावर कोण भांडलं. त्यांचा मुलगा एकदा म्हणाला, काकी, व्हिडिओ लावा, तोंडं दिसतील. मागून भावोजींचा आवाज आला, "नको नको, बॉनेट वरच असू दे." मग फोन एका रविवाराआड यायला लागला. मग गणपतीनंतर एकदा आला, आणि मग आलाच नाही. त्यांचे कान आणखी गेले असतील, किंवा तिकडे मन रमलं असेल. चांगलंच आहे. मी कुणाला आपणहून फोन करत नाही. मला जमत नाही. "मारा किल्ली" असं कुणी म्हटल्याशिवाय माझा हात कधी पुढे गेलाच नाही.

तो कोंब मी मिस्त्रीच्या पायाखालून उचलला होता. बाईंच्या तेलाचा एक रिकामा डबा होता, वर जर्मन अक्षरांचा, त्यात लावला. या रविवारी सकाळी माझ्यापुरत्या पोळ्या झाल्या आणि मी स्टुलावर बसले. खाली गाडीच्या जागेवर आता स्कूटर उभ्या असतात. डब्यातल्या झेंडूला पहिलं फूल आलं होतं. मी त्याच्याकडे बघत बसले. हे सांगायला कुणीच नव्हतं. फूल तर दोनचार दिवसांत सुकणार होतं.

मी आत जाऊन फोन आणला. डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि नंबर लावला. खूप वेळ वाजला. मग पलीकडे कुणीतरी उचलला आणि खाकरलं.

"कोण?"

"भावोजी!" मी ओरडले. समोरच्या गॅलरीतली बाई दचकून बघायला लागली. "मी बसलेय!"

मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"मग मारा किल्ली," भावोजी म्हणाले.

मी खाली गाडीच्या त्या जागेकडे बघितलं, आणि काय काय पेटलंय ते त्यांना सांगायला लागले.